बंद माग रिपोर्टमधून गायब का होतात: चार डेटाबेस आणि एक आउटर जॉइन

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. उत्पादनाचा जुना ईआरपी (कारखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) ओरॅकलवर, हजेरीच्या मशीनचा डेटा एसक्यूएल सर्व्हरवर, विक्री काउंटरचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएलवर, आणि आता हे सगळं पोस्टग्रेसवर न्यायचं ठरलंय. जुन्या क्वेऱ्यांत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नांत) कुठे (+) आहे, कुठे *= आहे; त्या लिहिणारा माणूस केव्हाच पुण्याला गेला. मालकांना रोज सकाळी प्रत्येक मागाचा रिपोर्ट हवा, बंद मागांसकट. नव्या क्वेरीत बंद माग येतच नाहीत. तर ही चिन्हं काय सांगतात, आणि चारही ठिकाणी चालेल अशी एकच क्वेरी लिहिता येईल का?

लिहिता येते. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलाच्या सगळ्या ओळी राखून त्यांना उजवीकडच्या जुळणाऱ्या ओळी जोडणं; आउटर जॉइनचाच एक प्रकार) हे चारही डेटाबेस एकाच पद्धतीने समजतात, आणि नव्या कामात मी दुसरं काही लिहीत नाही. पण तुमचे बंद माग गायब होतायत त्याचं कारण वेगळं आहे: तारखेची अट चुकीच्या जागी बसलीये. ही चूक चारही डेटाबेसवर अगदी सारखीच होते, म्हणून आधी तिच्याकडे बघू. चिन्हांकडे नंतर येतो. (क्वेऱ्या वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्यात; मशीनवर की-वर्ड अर्थातच इंग्रजीत टाईप करायचे.)

चारच माग घेऊ: ११, १२, १३ आणि १४. माग या टेबलात चौघांची प्रत्येकी एक ओळ. उत्पादन टेबलात पाळीवार ओळी. १२ जूनला माग ११ वर दिवसपाळीत ४० नग आणि रात्रपाळीत ३५ नग निघाले, माग १२ वर दिवसपाळीत ३८. माग १३ आदल्या दिवसापर्यंत चालला, १२ तारखेला जॉबरने (माग दुरुस्त करणाऱ्याने) खोलून ठेवला. माग १४ नुकताच बसवलाय, अजून त्यावर बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) चढलेला नाही. त्यामुळे उत्पादन टेबलात त्याची एकही ओळ नाही.

तुमची क्वेरी साधारण अशी असणार:

सिलेक्ट म.माग_क्र, सम(उ.नग)
फ्रॉम माग म
लेफ्ट जॉइन उत्पादन उ
  ऑन उ.माग_क्र = म.माग_क्र
व्हेअर उ.तारीख = '२०२५-०६-१२'
ग्रुप बाय म.माग_क्र

यातून फक्त ११ आणि १२ मिळतात. जॉइनने आपलं काम चोख केलं होतं: माग १४ साठी उत्पादनाची ओळ सापडली नाही, तेव्हा त्याने १४ ची ओळ ठेवून उजवीकडचे सगळे कॉलम नल (म्हणजे 'किंमतच नाही') भरले. मग व्हेअर, म्हणजे जोडणीनंतरची गाळणी, आला. त्याने विचारलं, तारीख १२ जून आहे का? नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर 'हो' येत नाही, 'माहीत नाही' येतं, आणि व्हेअर फक्त 'हो' वाल्यांनाच आत सोडतो. जॉइनने राखलेली ओळ व्हेअरने काढून टाकली. लेफ्ट हा शब्द क्वेरीत दिसतो, पण काम इनर जॉइनचं, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळी ठेवणाऱ्या जॉइनचं, झालंय.

इथे बहुतेक जण एक ठिगळ लावतात: व्हेअर उ.तारीख = '२०२५-०६-१२' ऑर उ.तारीख इज नल. चालवून बघा. आता ११, १२ आणि १४ येतात. चारपैकी तीन आले म्हणून सुटका झाली असं वाटतं, आणि हेच जास्त धोक्याचं. माग १३ कुठे गेला? त्याला ११ जूनच्या आणि त्याआधीच्या ओळी सापडल्या, म्हणजे जॉइनच्या दृष्टीने त्याला जोडीदार मिळाला, नल भरायची वेळच आली नाही. मग त्या जुन्या तारखांच्या ओळी व्हेअरने बाद केल्या. कधीच न चाललेला माग दिसतो आणि कालपर्यंत चालून आज बंद पडलेला दिसत नाही. मालकांना नेमका तोच बघायचा असतो! चाचणी करताना डेटा नवा असतो, सगळे बंद माग १४ सारखेच असतात, त्यामुळे हे ठिगळ चाचणीत पास होतं आणि महिन्याभराने शेडमधून फोन येतो.

बरोबर क्वेरीत अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, जाते (कोअलेस नलच्या जागी शून्य टाकतो):

सिलेक्ट म.माग_क्र, कोअलेस(सम(उ.नग), ०)
फ्रॉम माग म
लेफ्ट जॉइन उत्पादन उ
  ऑन उ.माग_क्र = म.माग_क्र
  अँड उ.तारीख = '२०२५-०६-१२'
ग्रुप बाय म.माग_क्र

निकाल: ११ ला ७५, १२ ला ३८, १३ ला ०, १४ ला ०. जॉइनला आता आपण सांगतोय की जोडीदार शोधताना फक्त १२ जूनच्याच ओळींत शोध. १३ ला त्या दिवशी जोडीदार नाही, म्हणून तो नलसह राहतो.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. मालक म्हणाले, फक्त ए शेडचा रिपोर्ट द्या. आता तुम्ही उत्साहात म.शेड = 'ए' हीसुद्धा अट ऑनमध्ये टाकलीत, तर बी शेडचे माग गाळले जाणार नाहीत. लेफ्ट जॉइन डावीकडची ओळ कुठल्याही परिस्थितीत सोडत नाही. ऑनची अट खोटी ठरली तर तो फक्त उजवीकडे नल भरतो. परिणामी बी शेडचे सगळे माग रिपोर्टमध्ये शून्य उत्पादनासह येतील आणि अख्खी शेड बंद होती असं दिसेल. म्हणून माझा रिवाज असा: ज्या टेबलाच्या ओळी नसण्याची शक्यता आहे त्याच्या अटी ऑनमध्ये, जे टेबल पूर्ण राखायचं आहे त्याच्या अटी व्हेअरमध्ये. एकच अपवाद, 'नसलेलेच दाखवा' अशी मागणी असेल तेव्हाचा. तो खाली येतोच.

आता चिन्हं. आउटर जॉइनची कल्पना जुनी आहे. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या कॉड यांच्या १९७९ च्या शोधनिबंधात ती आहे. पण एसक्यूएलच्या प्रमाणात लेफ्ट, राइट, फुल ही रचना १९९२ साली आली. तोवर गिऱ्हाईक थांबणार नव्हतं, म्हणून प्रत्येक कंपनीने आपापली सोय करून घेतली. ओरॅकलने (+) काढलं. सायबेसने *= आणि =* काढलं, आणि एसक्यूएल सर्व्हर सायबेसच्याच घराण्यातला असल्यामुळे त्याच्याकडेही तेच आलं. इन्फॉर्मिक्सने फ्रॉममध्ये टेबलाच्या नावाआधी आउटर हा शब्द ठेवला: फ्रॉम माग म, आउटर उत्पादन उ.

गंमत अशी की ओरॅकल आणि सायबेसची चिन्हं उलट्या बाजूंना बसतात. सायबेसमध्ये तारा त्या बाजूला असतो जी पूर्ण राखायची आहे: म.माग_क्र *= उ.माग_क्र. ओरॅकलमध्ये अधिक त्या बाजूला जी अपुरी आहे, जिथे नल भरून वाढवावं लागेल: म.माग_क्र = उ.माग_क्र (+). दोन्हींचा अर्थ एकच, माग लेफ्ट जॉइन उत्पादन. ताऱ्याच्या जागी अधिक टाकून भाषांतर केलं की जॉइन उलटा होतो, आणि एररही येत नाही.

ओरॅकलच्या (+) चे नियम कडक आहेत. अपुऱ्या टेबलावरच्या प्रत्येक अटीला ते चिन्ह लागतं, स्थिर किमतीशी तुलना असली तरी:

व्हेअर उ.माग_क्र (+) = म.माग_क्र
अँड उ.तारीख (+) = डेट '२०२५-०६-१२'

दुसऱ्या ओळीतलं चिन्ह राहिलं तर ओरॅकल तक्रार करत नाही, मुकाट्याने इनर जॉइन करतो. म्हणजे वरचीच व्हेअरची चूक वेगळ्या कपड्यात. (+) लावलेली अट ऑर किंवा इनमध्ये गुंतवली तर ओआरए-०१७१९ हा एरर येतो. दोन्ही बाजूंना (+) लावून फुल जॉइन मिळवायला गेलात तर ओआरए-०१४६८. एकच टेबल दोन वेगवेगळ्या टेबलांशी आउटर जोडायचं तर १२सी च्या आधी ओआरए-०१४१७. आणि एकाच क्वेरी ब्लॉकमध्ये (+) आणि नवा जॉइन मिसळलात तर ओआरए-२५१५६, त्यामुळे अर्धी क्वेरी आज आणि अर्धी उद्या असं करता येत नाही. ओरॅकलला प्रमाण जॉइन ९आय पासून, म्हणजे २००१ पासून, समजतो; (+) आजही चालतं, पण ओरॅकलचं स्वतःचं दस्तऐवजच नवी रचना वापरा असं सांगतं.

एवढी कटकट असली तरी (+) चा एक मोठा गुण आहे: ते संदिग्ध नाही. त्यामुळे जुन्या ओरॅकल क्वेऱ्यांचं रूपांतर जवळजवळ डोळे मिटून करता येतं. ज्या अटीत (+) आहे ती ऑनमध्ये न्या. ज्या अटीत नाही ती व्हेअरमध्येच राहू द्या. म्हणजे उ.माग_क्र इज नल अशी चिन्ह नसलेली अट दिसली तर ती 'नसलेलेच दाखवा' या अर्थाची आहे, तिला हात लावायचा नाही. आणि (+) असलेल्या टेबलावर चिन्ह नसलेली साधी बरोबरीची अट दिसली, तर तिथे आधीपासूनच इनर जॉइन होतोय. अशा वेळी ती परस्पर 'दुरुस्त' करू नका, जाऊन विचारा. त्या रिपोर्टच्या आकड्यांवर कुणाचा तरी हिशेब बसलेला असतो.

*= च्या बाबतीत हा दिलासा नाही. तिथे व्हेअरमधली उत्पादनावरची अट जॉइनच्या आधी लागायची की नंतर, हे क्वेरी वाचून कळत नाही. बहुतेकदा ती ऑनसारखी वागायची. म्हणूनच *= सोबत इज नल लिहून बंद माग काढायला गेलं की सगळेच माग बंद दिसायचे. एसक्यूएल सर्व्हरने २००५ च्या आवृत्तीत कंपॅटिबिलिटी लेव्हल (कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ती सेटिंग) ९० वर ही चिन्हं बंद केली. जुनी लेव्हल ८० ठेवून ती चालवता यायची, पण २०१२ च्या आवृत्तीने लेव्हल ८० च काढून टाकली. तुमच्या हजेरीच्या क्वेऱ्यांत *= असेल आणि त्या अजून चालत असतील, तर सर्व्हर २००८ आर२ किंवा त्याआधीचा आहे हे त्यावरूनच कळतं. रूपांतर करताना जुना आणि नवा निकाल शेजारी ठेवून बघण्याला इथे पर्याय नाही.

आता 'नसलेलेच दाखवा'. या महिन्यात एकदाही न चाललेले माग हवेत:

सिलेक्ट म.माग_क्र
फ्रॉम माग म
लेफ्ट जॉइन उत्पादन उ
  ऑन उ.माग_क्र = म.माग_क्र
  अँड उ.तारीख >= '२०२५-०६-०१'
  अँड उ.तारीख < '२०२५-०७-०१'
व्हेअर उ.माग_क्र इज नल

इज नल नेहमी जोडणीच्या कॉलमवर किंवा प्रायमरी की वर (ओळ ओळखायच्या कॉलमवर) लावा. शेरा, पाळी असल्या कॉलमवर लावलात तर शेरा न लिहिलेल्या पण चालू असलेल्या मागांचीही भर पडते. हेच काम नॉट एक्झिस्ट्सनेही होतं, चारही ठिकाणी. नॉट इन मात्र टाळा. आतल्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तर रिकामं येतं.

मोजणीत दोन गोष्टी. काउंट(*) ओळी मोजतो, आणि बंद मागाची नल भरलेली ओळसुद्धा ओळच आहे, म्हणून बंद मागाच्या पाळ्या १ येतात. काउंट(उ.माग_क्र) लिहा, ० येईल. आणि नलच्या जागी शून्य दाखवायला ओरॅकलमध्ये एनव्हीएल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये इजनल, मायएसक्यूएलमध्ये इफनल असे तीन वेगळे शब्द आहेत. कोअलेस सगळीकडे चालतो, तोच वापरा. एसक्यूएल सर्व्हरच्या इजनलची आणखी एक खोड: तो उत्तराचा प्रकार आणि लांबी पहिल्या कॉलमवरून ठरवतो. पाळीचा कॉलम एकाच अक्षराचा असेल आणि नलच्या जागी 'बंद' छापायला सांगितलंत तर पहिलं अक्षर तेवढं उरतं. कोअलेसला ही खोड नाही.

यापुढची अडचण जॉइन बरोबर लिहिल्यावरच येते. रिपोर्ट चालू झाला की मालक म्हणतात, त्याच कागदावर दुरुस्तीचा खर्चही दाखवा. तुम्ही दुरुस्ती टेबल आणखी एका लेफ्ट जॉइनने जोडता. १२ जूनला माग ११ ची दोनदा दुरुस्ती झाली होती, समजा. उत्पादनाच्या दोन ओळी, दुरुस्तीच्या दोन ओळी, जॉइनने प्रत्येकाला प्रत्येकाशी गाठलं, चार ओळी झाल्या. उत्पादन ७५ चं १५० झालं, दुरुस्तीचा खर्चही दुप्पट. इतर मागांचं उत्पादन ठीक दिसतं, कारण त्यांची दुरुस्ती एकदाच झाली किंवा झालीच नाही. म्हणजे जो माग सगळ्यात जास्त त्रास देतोय तोच कागदावर सगळ्यात जास्त टॉवेल काढतो. डिस्टिंक्ट लावून हे सुटत नाही. दोन पाळ्यांना सारखेच नग निघाले की तोही फसतो. प्रत्येक टेबलाची बेरीज आधी आपापल्या ठिकाणी करायची आणि मग जोडायचं:

सिलेक्ट म.माग_क्र, कोअलेस(उ.नग, ०), कोअलेस(द.खर्च, ०)
फ्रॉम माग म
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट माग_क्र, सम(नग) नग फ्रॉम उत्पादन
  व्हेअर तारीख = '२०२५-०६-१२' ग्रुप बाय माग_क्र) उ
  ऑन उ.माग_क्र = म.माग_क्र
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट माग_क्र, सम(रक्कम) खर्च फ्रॉम दुरुस्ती
  व्हेअर तारीख = '२०२५-०६-१२' ग्रुप बाय माग_क्र) द
  ऑन द.माग_क्र = म.माग_क्र

या मांडणीत तारखेची अट कंसाच्या आत साध्या व्हेअरमध्ये बसते, त्यामुळे ऑन की व्हेअर हा घोळही आपोआप मिटतो. मी रिपोर्टच्या क्वेऱ्या हल्ली अशाच लिहितो. टेबलाच्या टोपणनावाआधी ॲज लिहिलेला नाही हे पाहिलंत ना? ओरॅकलला तो तिथे खपत नाही. न लिहिता चारही खूश. वेगळा विचार करायची गोष्ट एकच उरते, तारखेचं लेखन. ओरॅकल आणि पोस्टग्रेसला, आणि मायएसक्यूएललाही, डेट हा शब्द पुढे लावून लिहिलेली तारीख समजते, एसक्यूएल सर्व्हरला समजत नाही. ओरॅकलमध्ये नुसती अवतरणातली तारीख सेशनच्या सेटिंगवर अवलंबून असते. त्यामुळे तारीख क्वेरीत लिहूच नका, प्रोग्राममधून पॅरामीटर म्हणून पाठवा.

कामगाराचं नाव हवं असेल तेव्हाही एक खड्डा आहे. माग लेफ्ट जॉइन उत्पादन, आणि त्यापुढे नुसता जॉइन कामगार ऑन क.कामगार_क्र = उ.कामगार_क्र. बंद मागासाठी उ.कामगार_क्र नल, नलला कामगार मिळत नाही, आणि शेवटच्या इनर जॉइनने पुन्हा बंद माग उडवले. पुढचाही लेफ्ट करा, किंवा माग लेफ्ट जॉइन (उत्पादन उ जॉइन कामगार क ऑन ...) ऑन ... असं कंसात घाला. अकाउंट्सच्या कुणाकडे अजून एमएस ॲक्सेस असेल तर तिथे मात्र ही कंसाची रचना चालणार नाही; ॲक्सेस लेफ्ट जॉइनच्या पोटात इनर जॉइन घालू देत नाही.

राइट जॉइनबद्दल फार बोलत नाही. टेबलांची अदलाबदल केली की तो लेफ्टच असतो, आणि एका क्वेरीत दोन्ही असले की वाचणाऱ्याची मान दुखते.

फुल जॉइन मात्र तुम्हाला लागेल. हजेरी आणि उत्पादन जुळवताना दोन्ही बाजूंची गळती बघायची असते: हजेरी लागली पण उत्पादन नाही, आणि उत्पादन आहे पण हजेरी नाही. दुसरा प्रकार मालकांना जास्त झोंबतो, कारण बदली कामगार कुणाच्या तरी नावावर माग चालवत असतो. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस तिघांना फुल आउटर जॉइन येतो. एसक्यूलाइटला २०२२ च्या ३.३९ आवृत्तीपासून राइट आणि फुल दोन्ही येतात. मायएसक्यूएलमध्ये फुल नाही. तिथे दोन तुकडे यूनियन ऑलने (एका निकालाखाली दुसरा ठेवून) जोडावे लागतात:

सिलेक्ट ह.कामगार_क्र, ह.तास, उ.नग
फ्रॉम हजेरी ह लेफ्ट जॉइन उत्पादन_बेरीज उ
  ऑन उ.कामगार_क्र = ह.कामगार_क्र
यूनियन ऑल
सिलेक्ट उ.कामगार_क्र, ह.तास, उ.नग
फ्रॉम उत्पादन_बेरीज उ लेफ्ट जॉइन हजेरी ह
  ऑन ह.कामगार_क्र = उ.कामगार_क्र
व्हेअर ह.कामगार_क्र इज नल

दुसऱ्या तुकड्यातली इज नलची अट विसरली की जुळलेल्या ओळी दोनदा येतात. पुष्कळ ठिकाणी ती अट न लिहिता नुसता यूनियन लावलेला दिसेल. तो सारख्या ओळी काढून टाकतो हे खरं, पण ज्या खरोखरच दोन वेगळ्या असून सारख्या दिसतात त्याही काढून टाकतो.

मायएसक्यूएलचा एक सापळा मुद्दाम सांगतो. फुल हा त्याच्यासाठी राखीव शब्द नाही. फुल आउटर जॉइन लिहिलंत तर सिंटॅक्स एरर येतो, कारण आउटर राखीव आहे. त्यामुळे निदान कळतं तरी. पण नुसतं फ्रॉम हजेरी फुल जॉइन उत्पादन_बेरीज यूझिंग (कामगार_क्र) लिहिलंत, तर तो फुल हे हजेरी टेबलाचं टोपणनाव समजतो आणि साधा इनर जॉइन करून देतो. एरर नाही. गळती शोधायची क्वेरी आणि गळती शून्य! यूझिंगऐवजी ऑन हजेरी.कामगार_क्र लिहिलं असतं तर निदान 'असा कॉलम नाही' म्हणून अडला असता.

पोस्टग्रेसवर फुल जॉइनची अट बरोबरीची ठेवा. 'पंचिंगची वेळ पाळीच्या सुरुवात आणि शेवट यांच्या मध्ये' असली नुसती मधलेपणाची अट दिली तर तो नकार देतो. फुल जॉइनसाठी त्याला मर्ज किंवा हॅशने (ओळी जुळवायच्या दोन पद्धती) जोडता येणारी अट लागते. आणि फुलमध्ये दोन्ही टेबलं अपुरी असू शकतात, तेव्हा तारखेची गाळणी दोन्हीकडे जॉइनच्या आधी, आतल्या सिलेक्टमध्येच लावायची. ऑनमध्ये लावलीत तर सगळ्या वर्षाच्या हजेरीच्या ओळी नलसह येऊन पडतील.

पोस्टग्रेसवर जाताना तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट मात्र जॉइनच्या रचनेत नाहीच, तुलनेत आहे. एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाहीत. ओरॅकल आणि पोस्टग्रेस करतात. कामगाराचा कोड हजेरीच्या मशीनमध्ये स्मॉल अक्षराने भरलेला आणि कामगार टेबलात कॅपिटल असेल, तर एसक्यूएल सर्व्हरवर आजवर तो जुळत होता आणि पोस्टग्रेसवर जुळणार नाही. कोडच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागेचंही तेच: एसक्यूएल सर्व्हर बरोबरी बघताना ती सोडून देतो, पोस्टग्रेस व्हारकारमध्ये (बदलत्या लांबीच्या मजकुराच्या कॉलममध्ये) ती मोजतो. इनर जॉइन असता तर ओळी कमी झाल्या म्हणून ओरड झाली असती. लेफ्ट जॉइनमध्ये ओळींची संख्या बरोबर राहते, फक्त उजवीकडे नल येतात, आणि नल म्हणजे 'गैरहजर' असं रिपोर्ट छापतो. डेटा भरतानाच अप्पर आणि ट्रिम लावून कोड साफ करून घ्या. क्वेरीच्या ऑनमध्ये फंक्शन लावत बसलात तर साधा इंडेक्सही उपयोगाला येत नाही.

याच्याच जोडीला ओरॅकलची जुनी सवय: तो रिकाम्या स्ट्रिंगला नल समजतो, बाकीचे समजत नाहीत. ओरॅकलमधून येताना पाळीचे रिकामे रकाने नल होऊन येतील, मायएसक्यूएलमधून येताना रिकामी स्ट्रिंग म्हणूनच येतील. एकाच कॉलममध्ये दोन्ही प्रकार साचू देऊ नका.

'कुठला माग किती दिवस बंद होता' असा मासिक रिपोर्ट विचारला जाणार हे नक्की. बंद दिवसाची नोंद कुठेच नसते, म्हणून तारखांचं एक वेगळं टेबल करा, एका तारखेला एक ओळ. तारखा क्रॉस जॉइन माग (प्रत्येक तारखेला प्रत्येक माग), आणि त्याला लेफ्ट जॉइन उत्पादन. पोस्टग्रेसमध्ये जनरेट सिरीजने तारखा जागच्या जागी काढता येतात, पण टेबल असलेलं बरं, कारण त्यात सुट्टीचा कॉलम ठेवता येतो. नाहीतर जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या सुट्टीलाही सगळे माग 'बंद' म्हणून मोजले जातील आणि साप्ताहिक सुट्ट्यांचंही तेच होईल. सुट्टीची अट तारखांच्या टेबलावर आहे, आणि ते टेबल आपण पूर्ण राखतोय. तेव्हा ती व्हेअरमध्ये.

आता कामाचा क्रम. ओरॅकलच्या क्वेऱ्या पोस्टग्रेसवर नेऊन मग बदलू नका. आधी ओरॅकलवरच (+) काढून लेफ्ट जॉइन करा आणि तिथेच, त्याच डेटावर, जुन्या क्वेरीतून नवी वजा करा. ओरॅकलमध्ये त्याला मायनस म्हणतात, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सेप्ट, आणि मायएसक्यूएलमध्ये एक्सेप्ट ८.०.३१ पासून मिळतो. वजाबाकी दोन्ही दिशांनी करायची: जुनी वजा नवी, आणि नवी वजा जुनी. दोन्हीकडून काहीच उरलं नाही तरी दोघींच्या ओळींची संख्या वेगळी मोजून बघा, कारण मायनस आणि एक्सेप्ट सारख्या ओळी एकत्र करतात आणि दुप्पट झालेल्या ओळी त्यात लपतात. चाचणीच्या डेटात १३ नंबरसारखा माग आठवणीने ठेवा, कालपर्यंत चाललेला आणि आज बंद.